नाशिकला नव्याने राहायला आलात? मुलाबाळांना घेऊन शहर कसं बघायचं

अंबडच्या कारखान्यात ह्यांची बदली झाली आणि आम्ही पाच जणं नाशिकला आलो. आम्ही दोघं, सहा वर्षांची धाकटी, अकरा वर्षांचा थोरला आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई. पहिल्याच सुट्टीला एका रिक्षावाल्यांशी 'दहा ठिकाणं, एक दिवस' असा सौदा केला. संध्याकाळी घरी आलो तेव्हा धाकटी तापाने फणफणली होती, सासूबाईंचे पाय सुजले होते, आणि थोरल्याला विचारलं काय पाहिलंस, तर म्हणाला, "पार्किंग." त्या दिवशी मी रडले होते. नंतरच्या तीन वर्षांत सगळं पुन्हा, नीट, हळू पाहिलं. सातपूर, अंबड, सिन्नरच्या एमआयडीसीत नोकरीसाठी येणाऱ्या कुटुंबांची आमच्यासारखी दमछाक होऊ नये, म्हणून हे लिहिते आहे.

एकच नियम धरा: एका सुट्टीला एकच रस्ता. नाशिकमधली बघण्यासारखी ठिकाणं शहराच्या मध्यात एकवटलेली नाहीत. मुंबई-आग्रा महामार्ग, त्र्यंबक रोड, गंगापूर रोड, पुणे रोड, पेठ रोड अशी ती रस्त्यारस्त्याने पसरली आहेत. ज्या रस्त्याला लागाल त्याच रस्त्याने परत या. मधूनच दुसऱ्या रस्त्यावर उडी मारलीत की अर्धा दिवस द्वारका चौकाच्या गर्दीत जातो.

१. आधी सुट्टीचा वार आणि महिना जुळवा

कारखान्यातल्या माणसाची सुट्टी रविवारीच असेल असं नाही, शिफ्टप्रमाणे ती बदलते. आठवड्यातल्या मधल्या वाराची सुट्टी आली तर हळहळू नका, उलट मुलांची शाळा सकाळची असेल तर दुपारनंतरचा वेळ वापरा. गर्दी अर्ध्याहून कमी असते. मात्र दोन गोष्टी तपासा. संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात. आणि शंकराच्या देवळात सोमवारी लहान मुलं नेऊ नका, श्रावणात तर अजिबातच नाही.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात सुखाचे. नाशिकची थंडी खरीखुरी असते, पहाटेला स्वेटर आणि कानटोपी लागतेच. मार्च ते मे सकाळी दहानंतर दगडी ठिकाणं टाळा. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार होतात, पण नदीकाठ आणि धबधबे यांचा धोकाही तेव्हाच असतो.

२०२६ ते २०२८ हा सिंहस्थ कुंभमेळ्याचा काळ आहे. पंचवटी आणि त्र्यंबकेश्वर या दोन्ही ठिकाणी कामं, वळवलेले रस्ते आणि पर्वकाळातली गर्दी धरूनच बेत आखा. शाही स्नानाच्या दिवशी लहान मूल घेऊन रामकुंडाकडे जाऊ नका. सासूबाईंची फार इच्छा होती, तरी मी हेच सांगितलं.

२. नाशिक आणि नाशिकरोड यांतला फरक समजून घ्या

नव्या माणसाची पहिली चूक इथेच होते. रेल्वे स्टेशन आहे नाशिकरोडला. तिथून जुनं सीबीएस, म्हणजे शहरातलं मध्यवर्ती बसस्थानक, साधारण नऊ-दहा किलोमीटर. गावाहून पाहुणे येणार असतील तर त्यांना हे आधीच सांगा, नाहीतर ते 'स्टेशनजवळची' खोली घेतात आणि पंचवटीला जाण्यातच वेळ घालवतात.

शहरात महापालिकेची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून चालते. बस बऱ्या आहेत, मोबाइलवर ॲपही आहे. रिक्षा करायची तर बसण्याआधी भाडं ठरवा, आणि 'जाऊन-येऊन, थांबून' असं स्पष्ट बोला. 'दहा ठिकाणं' असा सौदा मात्र करू नका. त्या दहांतली निम्मी ठिकाणं एकमेकांपासून शंभर पावलांवरची देवळं असतात. तुम्ही चालतच ती बघू शकता.

३. पिशवी भरा

घरातल्या दाराजवळ आमची एक ठरलेली पिशवी टांगलेली असते:

- मोठ्यांचं आणि मुलांचं आधार कार्ड. मुलांचं वय दाखवायला लागतं. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या ठिकाणी १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं.
- सुटे पैसे. चपला ठेवायला, बोरं-पेरू घ्यायला.
- प्रत्येकाचे जुने जाड मोजे. हे विसरू नका, कारण पुढे सांगते.
- लहान टॉर्च. मोबाइलचा उजेड लेण्यांच्या खोल्यांत पुरत नाही.
- पाणी, मीठ-साखर, टोप्या, धाकटीचे कपड्यांचे दोन जोड.
- बाळ असेल तर ढकलगाडी घरीच ठेवा. इथे जिथे जाल तिथे पायऱ्या आहेत. पोटाशी बांधायची झोळी घ्या.

गर्दीत जाताना मुलांच्या मनगटावर बॉलपेनने आपला फोन नंबर लिहा. घामाने पुसतो, म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

४. पहिली सुट्टी: पंचवटी, पायी

गाडी घेऊन आत शिरू नका. रविवार कारंजावर उतरा, चांदीच्या गणपतीला नमस्कार करा आणि होळकर पुलावरून चालत पलीकडे जा. पुलावरून गोदावरी, घाट आणि देवळांचे कळस एका नजरेत येतात. मुलांना इथेच नदीची ओळख करून द्या: ही त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पार आंध्रात समुद्राला मिळते.

सकाळी सातला पोहोचलात तर रामकुंडावर ऊन कोवळं असतं. एक गोष्ट मुलांना आधी समजावून सांगा. इथे लोक अस्थिविसर्जनाला आणि दशक्रियेला येतात. मुंडण केलेली माणसं, रडणारी माणसं दिसतील. माझी धाकटी पहिल्यांदा घाबरली होती, कारण मी काहीच बोलले नव्हते. आता तिला कळतं आणि ती तिथे हळू आवाजात बोलते.

मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो दुतोंड्या मारुती. पात्रातच उभी असलेली ही भलीमोठी मूर्ती म्हणजे नाशिककरांची पुराची मोजपट्टी. पावसाळ्यात लोक एकमेकांना विचारतात, "पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला?" थोरल्याने त्या दिवशी स्वतःची उंची मूर्तीच्या पायाशी लावून बघितली आणि पूर म्हणजे काय ते त्याला वर्तमानपत्राशिवाय समजलं.

शेजारीच नारोशंकराचं देऊळ. त्याची मोठी घंटा वसईत पोर्तुगिजांवर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून इथे टांगली, असं सांगतात. पुढे कपालेश्वराच्या पायऱ्या. या महादेवासमोर नंदी नाही, हे मुलांना स्वतः शोधू द्या. कारण सांगायची गोष्ट सोपी आहे: ब्रह्महत्येच्या पापातून सुटायची वाट शंकराला नंदीनेच दाखवली, म्हणून इथे तो गुरू झाला, आणि गुरू समोर वाहन म्हणून कसा बसणार? पायऱ्या बऱ्याच आहेत, सासूबाई खालूनच हात जोडतात.

मग काळाराम. काळ्या दगडात बांधलेलं, पेशवाईत सरदार ओढेकरांनी उभं केलेलं हे देऊळ आवारासकट बघा, कमानींच्या ओवऱ्यांत बसा. आणि मुलांना एवढं नक्की सांगा की २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच देवळात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते आणि तो लढा पुढे काही वर्षं चालला. देवळाच्या दारात उभं राहून हे सांगितलं की मुलं प्रश्न विचारतात. थोरल्याने विचारलं, "मग आत कोण सोडत नव्हतं?" त्या प्रश्नाचं उत्तर टाळू नका.

सीतागुंफा जवळच आहे. आत शिरायची वाट इतकी अरुंद आणि बुटकी की मोठ्या माणसाला वाकून, जवळजवळ बसून सरकावं लागतं. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असेल त्यांनी बाहेर वडाखाली थांबावं. मुलांना तिथे मजा येते, पण एकटं पुढे सोडू नका.

सापळे:

- वाटेत कुणी 'गाईड' म्हणून मागे लागलं तर नम्रपणे नको म्हणा. पूजा करायची असेल तर दक्षिणा आधी विचारा.
- पावसाळ्यात नदीपात्रालगतच्या पटांगणांवर गाडी लावू नका. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की काही तासांत पाणी चढतं आणि गाड्या अडकतात. हे दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं.
- बुधवारी घाटावर आठवड्याचा बाजार भरतो. भाजी घ्यायला सुंदर, फिरायला अवघड.

दुपारी बारापर्यंत परत फिरा. वेळ आणि पाय उरले असतील तर सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा बघा. लाकडी खांबांचा चौक आहे आणि आत गारवा असतो.

५. दुसरी सुट्टी: पांडवलेणी

अंबड-पाथर्डी फाट्याकडे राहत असाल तर हे अगदी दाराशी आहे, शहरापासूनही आठेक किलोमीटर. नावात पांडव असले तरी ही बौद्ध लेणी आहेत. एकूण २४. डोंगराचं नाव त्रिरश्मी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इथे भिक्षू राहत होते.

पायथ्यापासून दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. बांधलेल्या आहेत, पण सावली कमी. सकाळी आठच्या आधी चढायला लागा. सासूबाई दोन टप्प्यांत चढल्या, मध्ये वीस मिनिटं बसल्या, आणि वर पोहोचल्यावर त्यांना परत यायचंच नव्हतं. घाई करू नका. धाकटीला कडेवर घेऊन चढायची तयारी ठेवा.

वर गेल्यावर चोवीसही लेणी बघायचा अट्टहास करू नका. मुलांचं लक्ष तासभर टिकतं. या तीन ठिकाणी ते वापरा:

*लेणं क्रमांक ३.* बाहेर, ओट्याच्या खाली बघा. दगडातली सहा धष्टपुष्ट माणसं खांद्यावर वासे घेऊन अख्खं लेणं पालखीसारखं उचलून उभी आहेत. मुलांना सांगू नका, त्यांना शोधायला लावा. ओसरीच्या भिंतीवर सातवाहन राजांच्या काळातले शिलालेख आहेत. त्यातला एक गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा. आपल्या मुलाचं वर्णन ती 'ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं' असं करते. एका आईने मुलाबद्दल कोरून ठेवलेलं हे वाक्य इतकी शतकं टिकलं, हे मला दर वेळी भारावून टाकतं. मी धाकटीला ते कानात सांगते.

*लेणं क्रमांक १०.* हे क्षत्रप, म्हणजे शक राजा, नहपानाच्या काळातलं. त्याचा जावई उषवदात याने दिलेल्या दानांचे लेख इथे आहेत. गौतमीपुत्राने पुढे याच नहपानाचा पराभव केला. म्हणजे एकमेकांचे शत्रू आणि एकाच डोंगरावरच्या भिक्षूंना दोघांचंही दान. थोरल्याला ही गोष्ट फार पटली.

*लेणं क्रमांक १८.* इथलं चैत्यगृह, म्हणजे भिक्षूंचं प्रार्थनेचं दालन. आत स्तूप आहे, दरवाज्यावरची कमान बारकाईने बघा. गप्प उभं राहिलं तर आवाज कसा घुमतो ते कळतं.

टॉर्च इथेच लागतो, भिक्षूंच्या खोल्यांत दगडी बाकांवर उजेड पाडून बघायला. पाण्याच्या टाक्यांच्या काठावर मुलांचा हात सोडू नका. कातळाला मोहोळं लटकलेली दिसली तर आवाज, धूर, दगड मारणं हे काही करायचं नाही, मुलांना हे वर चढण्याआधीच बजावा. भिंतींवर नावं कोरायची नाहीत, हेही.

उतरल्यावर पायथ्याला बुद्धविहार आहे आणि तिथे सासूबाईंना खऱ्या अर्थाने विसावा मिळतो. जवळच नेहरू वनोद्यान आणि दादासाहेब फाळके स्मारक. फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले, १९१३ मध्ये त्यांनी आपल्याकडचा पहिला कथा-मूकपट पडद्यावर आणला आणि त्यांचा शेवटही नाशिकलाच झाला. स्मारक आणि उद्यान दोन्हींच्या वेळा आणि चालू-बंद असणं बदलत असतं, त्यामुळे मुलांना आधी वचन देऊ नका, गेटवर विचारून मग सांगा.

६. तिसरी सुट्टी: गंगापूर रोड आणि मिसळ

ही आळसाची सुट्टी. सकाळी मिसळ, मग सोमेश्वर महादेवाचं देऊळ, मग घरी.

नाशिकच्या मिसळीबद्दल इतकंच सांगते: गंगापूर रोड आणि मखमलाबादच्या बाजूला मोकळ्या जागेत, झोपाळे-घसरगुंड्या असलेली, चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं आहेत. रविवारी साडेआठनंतर तासभर थांबावं लागतं, म्हणून आठला पोहोचा. मुलांसाठी रस्सा वेगळा आणि तर्री न घातलेला मागा, सोबत दही येतंच. पापड आणि जिलबीवर धाकटीचं पोट भरतं. घरी नेण्यासाठी कोंडाजी चिवडा.

सोमेश्वरच्या पुढचा धबधबा पावसाळ्यात जोरदार असतो. बघा, पण लांबून. खडक शेवाळलेले असतात आणि वरून पाणी सोडलं तर प्रवाह वाढायला वेळ लागत नाही. मुलांना पाण्यात उतरवू नका, बाकीचे उतरले असले तरी.

द्राक्षांच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी ते मार्च, या बाजूला बागा भरलेल्या असतात. शेतकऱ्याला विचारल्याशिवाय आत शिरू नका. फवारणी झालेली असते आणि न धुतलेला घड मुलाच्या तोंडात जाणं धोक्याचं. विचारलंत तर बहुतेक जण प्रेमाने आत नेतात.

७. चौथी सुट्टी: 'आई, नोटा छापतात ते दाखव'

नाशिकरोडला नोटांचा छापखाना आहे आणि १९२८ पासून नाशिकला नोटा छापल्या जातात, हे शाळेत कळल्यावर प्रत्येक मूल हा हट्ट धरतं. तो छापखाना असा सहज बघता येत नाही. गेटवर जाऊन फोटो काढायचा प्रयत्नही करू नका, सुरक्षारक्षक अडवतात आणि ते योग्यच आहे.

मुलाची हौस भागवायची तर त्र्यंबक रोडला लागा. अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे, १९८० साली सुरू झालेली, आणि तिथे नाण्यांचं संग्रहालय आहे. निघण्याआधी फोन करून वेळ विचारा, कारण ही मुळात संशोधनाची संस्था आहे. पांडवलेणी आधी बघितलेली असतील तर इथे खरा आनंद मिळतो. नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःची मुद्रा पुन्हा ठोकली होती आणि तशी हजारो नाणी नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात सापडली. लेण्यांत ऐकलेली लढाई मुलांना नाण्याच्या गोष्टीत पुन्हा भेटते.

त्याच रस्त्याने पुढे त्र्यंबकेश्वर, शहरापासून तीसेक किलोमीटर. दर्शनाची रांग कित्येक तासांची असू शकते. मूल लहान असेल तर कुशावर्त कुंड आणि बाहेरून देऊळ एवढंच ठरवा. ब्रह्मगिरी मुलं दहा-बारा वर्षांची झाल्यावर चढा. माकडं आहेत, हातात खाऊची पिशवी दिसू देऊ नका.

८. पाचवी सुट्टी: मुक्तिधाम आणि सिन्नरचा गोंदेश्वर

पुणे रोडचा हा दिवस सासूबाईंसाठी आहे. नाशिकरोड स्टेशनजवळ संगमरवरी मुक्तिधाम: बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, भिंतींवर गीतेचे अध्याय, फार न चालता सगळं होतं.

पुढे सिन्नरला यादवकाळातलं गोंदेश्वर. मधलं शंकराचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळं, असं पंचायतन. गर्दी नाही, आवार मोठं, मुलं पळू शकतात. मोजे सांगितले होते ते इथल्यासाठी. चपला बाहेर राहतात आणि दुपारी दगड इतका तापतो की मुलांचे तळवे भाजतात. माझ्या धाकटीच्या पायाला फोड आले होते, तेव्हापासून मोजे पिशवीत आहेत.

९. सवड मिळेल तेव्हा: रामशेज

पेठ रोडने चौदा-पंधरा किलोमीटर, पायथ्याला आशेवाडी. मुलांचा पहिला किल्ला म्हणून याच्यासारखा नाही. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला आणि हा छोटा किल्ला काही वर्षं झुंजला. चढ सोपा, वाटेत रामाचं देऊळ. वर पिण्याच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका. भर पावसात आणि उन्हाळ्यात नको.

१०. थंडीतली एक पहाट: नांदूरमध्यमेश्वर

हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण याला तयारी लागते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे इथे मोठी पाणथळ झाली. निफाड तालुक्यात, शहरापासून चाळीसेक किलोमीटर. २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून याची नोंद झाली.

डिसेंबर-जानेवारीत जा. घरातून साडेपाचला निघा, म्हणजे ऊन चढण्याआधी चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यावर पोहोचाल. आदल्या रात्री मुलांना बाहेरच्या कपड्यांतच झोपवा आणि पहाटे पांघरुणासकट गाडीत ठेवा, आम्ही असंच करतो. भडक लाल-पिवळे स्वेटर नकोत, खाकी-हिरवे घाला. दुर्बीण उसनी मिळाली तर आणा. तिथल्या गावातले पक्षी दाखवणारे सोबत घ्या. त्यांचे पैसे वाचवू नका, त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही. नशीब असेल तर रोहित (फ्लेमिंगो), नाहीतर क्रौंच, चमच्यासारख्या चोचीचे चमचे आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर दिसतातच.

थर्मासमध्ये चहा आणि मुलांना दूध न्या, डब्यात धपाटे. मनोऱ्यावर खायचं नाही, गाडीपाशी येऊन खायचं. आणि कचरा सगळा परत घरी आणायचा.